पोरकीची वीण

माझा धंदा थंडीचा. शीतगृहं, औषधांच्या दुकानातले फ्रीज, मासळी साठवायच्या खोल्या, यांची यंत्रं रुसली की लोक मला बोलावतात. त्यांना वाटतं, मी थंडी भरून देते. खरं तर थंडी नावाची वस्तूच नसते. मी आतली ऊब उचलून बाहेर नेऊन टाकते, एवढंच. ऊब कुठून तरी येते आणि कुठे तरी जाते. ती आपोआप उगवत नाही. या एका नियमावर माझं पोट चालतं, म्हणून जे झालं ते सांगताना मला अवघडल्यासारखं होतं.

माझी आई सापांची. प्रतिविष तयार करणाऱ्या एका संस्थेचं सर्पालय शहराबाहेर आहे. खालच्या मजल्यावर काचपेट्यांच्या खोल्या, वरच्या मजल्यावर आईचं घर. मी लहान असताना वडील आणि मी शहरात राहायचो आणि आई सुट्टीला पाहुणीसारखी यायची. "तुझ्या आईचं लक्ष वेधायचं तर अंगावर खवले हवेत," असं वडील म्हणायचे आणि हसायचे. मीही हसायचे. पुढे वडील गेले, मी मोठी झाले, पण आमचं मायलेकींचं नातं तसंच राहिलं. सुट्टीपुरतं, नीटनेटकं आणि थोडं गार.

गार हे मी अक्षरशः म्हणते. आईचे हात कायम गार असत. त्याला कारण पोरकी.

पोरकी हा उंच, थंड डोंगरांवरचा साप. हातभर लांब, विझलेल्या चुलीतल्या राखेचा रंग, पोट फिकट गुलाबी. दिसायला अगदी गरीब. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नाही, पण नाकाजवळच्या दोन खळग्यांनी तिला ऊब कळते. भिंतीपलीकडून माणूस गेला तरी ती मान वळवते. म्हणून तिच्या पेटीत हात घालण्याआधी तो बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, बोटं बधिर होईपर्यंत, असा सर्पालयाचा शिरस्ता. गार हात तिला दगडासारखा वाटतो आणि त्याच्यावरून ती निवांत सरपटत जाते. आईने हे इतकी वर्षं केलं की तिच्या हातांतला गारठा कधी गेलाच नाही. लहानपणी मला ताप आला की तो हात कपाळावर यायचा. औषध म्हणून उत्तम, माया म्हणून जरा कमीच.

पोरकी हे नाव मेंढपाळांनी दिलेलं. या सापाची अंडी कधी कुणाला सापडली नाहीत. उन्हाळा लागला की बर्फाच्या कडेला बोटाएवढी पिल्लं दिसू लागतात आणि आसपास त्यांची आई नसते. बाकीचे साप उबदार मातीत नाहीतर कुजत्या पाल्यात अंडी घालतात. काही जाती वेटोळं घालून स्वतः उबवतात. पोरकीचं अंग तर बर्फ, आणि तिथली जमीन हिवाळाभर गोठलेली. मग अंडी उबतात कुठे? या प्रश्नापायी आईने डोंगरातला एकेक दगड उलथून पाहिला होता.

दुसरं कोडं विषाचं. ते झटक्यात मारतच नाही. पेटीत सोडलेल्या एका उंदराला पोरकी चावली, पण तिने त्याला खाल्लं नाही. उंदीर कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून बसून राहिला. अंग गरम, भूक दांडगी. खात राहिला आणि वाळत गेला, आणि एक दिवस बसल्या जागी संपला. "असलं विष बाळगून तिला मिळतं काय, तेच कळत नाही," आई म्हणायची. तिचा सूर एखाद्या हुशार पण हट्टी मुलीची तक्रार करावी तसा असायचा.

गेल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी मी आईला फोन केला. हातातली कामं संपत आली होती. म्हटलं, महिनाभर तुझ्याकडे येऊन राहते. इतकं सलग राहणं आमच्यात पहिल्यांदाच घडणार होतं. पलीकडून काही ऐकू येईना.

"आई? आहेस ना?"

"अगं, ऐकतेय. ये ना. ये."

मग ती कधी नव्हे ते बोलतच राहिली. तुला कुठली खोली देऊ, खिडकीचा पडदा विटलाय तो बदलते, तुला अजून सकाळी दूध लागतं का. बोलणं संपलं आणि त्या आनंदात ती तशीच खाली गेली. फोन धरून गरम झालेला हात पाण्यात न बुडवता तिने पोरकीच्या पेटीत घातला. जन्मात एकदा तिचा शिरस्ता चुकला, तोही माझ्यापायी. हे कळल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी सुखावलेही होते.

मी पोचले तेव्हा आई अंथरुणात बसून खालच्या माणसांना फोनवर हुकूम सोडत होती. उंटावरून शेळ्या हाकणं तिला छान जमतं. शेजारी डॉक्टरकाका होते. हे वडिलांचे मित्र. आईला अजून वहिनीच म्हणतात.

"काही नाही गं, मुंगी चावल्यासारखं झालं," आई म्हणाली.

"ताप आहे, पण बेताचा," काका म्हणाले. "प्रतिविष विचारशील तर नाही. ज्या विषाने कुणी दगावत नाही, त्यावर उतारा कोण करत बसणार?"

आईने हात पुढे करून माझा हात धरला आणि मी दचकले. तो हात गरम होता. तापातल्या माणसाचा हात कोरडा, चटका देणारा असतो. हा तसा नव्हता. ही ऊब मऊ होती, आतून येणारी होती. मला तो हात सोडवेना. काका जिना उतरून गेले तरी मी तशीच बसून होते आणि आई माझ्या बोटांवरून अंगठा फिरवत होती.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. आईने मला कधी एवढं जवळ घेतलं नव्हतं. ती मला अंथरुणात शेजारी बसवून घ्यायची, केस विंचरून द्यायची. दुपारी मी तिच्या कुशीत पडायचे. चाळिशी उलटलेली बाई मी, केसांत पांढरं आलेलं, आणि आईच्या कुशीत तोंड खुपसून पडायचे! पहिल्या दिवशी मला रडू आलं. "काय झालं गं?" आईने विचारलं. "काही नाही, तुझ्याकडे गरम होतंय," मी म्हणाले. ती हसली आणि पांघरूण माझ्या खांद्यावरून ओढून घेतलं.

पण माणूस कुशीत शिरला तरी त्याचा धंदा काही सुटत नाही. बाहेर पाणी गोठायला लागलं होतं आणि आईच्या खोलीतला हीटर मी आल्यापासून बंदच होता. तरी मला स्वेटर नकोसा व्हायचा. खिडकीच्या काचेवरून आतल्या बाजूने पाणी ओघळायचं. धडधाकट माणसाच्या अंगातून किती ऊब निघते हे मला ठाऊक आहे, शीतगृहात किती माणसं काम करणार हे विचारूनच आम्ही यंत्र बसवतो. एका वाळक्या म्हातारीच्या तापाने खोली अशी तापत नाही. मी मनात हिशेब मांडला, पुन्हा मांडला, आणि मग हिशेब करायचं सोडून दिलं. आईला मात्र सतत भूक लागायची. भात, पाव, अंडी, जे पुढे येईल ते ती संपवायची, आणि तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपराकडे घसरत चालल्या होत्या.

खालून तक्रार आली ती माझ्याच धंद्यातली होती. पोरकीच्या खोलीचं गार ठेवायचं यंत्र आता थांबतच नाही, सारखं घरघरतं. मी हत्यारांची पेटी घेऊन खाली गेले. गॅस भरपूर होता, पंखा ठीक होता, दाराच्या फटी बुजवलेल्या. मग मी उष्णता दाखवणारा कॅमेरा काढला. भिंतीतून ऊब कुठे झिरपते ते त्याच्या पडद्यावर लाल दिसतं. भिंती निळ्या होत्या, फरशी निळी होती.

कॅमेरा वर धरला. छताच्या मधोमध लाल डाग होता. नीट पाहिलं तेव्हा तो डाग नव्हता. कुशीवर झोपलेलं, गुडघे पोटाशी घेतलेलं माणूस होतं. वर आईची खोली होती आणि त्या जागी आईचा पलंग होता. पण पलंगाला चार पाय आहेत, गादी आहे, खाली फरशी आहे, मग जाडजूड काँक्रीट आहे. एवढ्या सगळ्यातून माणसाच्या अंगाचा ठसा उतरत नाही. मी कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला. आकृतीने तेवढ्यात हात डोक्याखाली घेतला होता.

बरोबर त्याच्या खाली पोरकीची पेटी होती. पोरकी पेटीच्या तळाशी नव्हती. ती उभी चढून जाळीच्या झाकणाला अंग चिकटवून होती, गुलाबी पोट वर करून. सापाला असं राहता येत नाही. मी जवळ गेले तरी ती हलली नाही. तिचं पोट फुगीर होतं.

वर येऊन मी आईला म्हटलं, "पलंग खिडकीकडे सरकवूया का?"

"नको गं. इथेच बरं वाटतं."

"का?"

"इथे सोबत आहे," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

दोन-चार दिवसांनी पेटी रिकामी सापडली. कडी लावलेली, झाकण घट्ट, काच शाबूत. खालच्या माणसांनी सगळ्या खोल्या धुंडाळल्या, मी यंत्राची पत्र्याची पेटीसुद्धा उघडली. शेवटी मीच आईला जाऊन सांगितलं. इतक्या वर्षांत तिथून एकही साप निसटला नव्हता. मला वाटलं, ती घर डोक्यावर घेईल.

"मिळेल गं," ती म्हणाली. "जाऊन जाऊन जाईल कुठे?"

त्या दिवसापासून तिने मला कुशीत घेणं बंद केलं. शेजारी बसवायची, हात धरायची, पण पांघरूण छातीपर्यंत लपेटलेलं असायचं आणि मी ते सारखं करायला गेले की हळूच माझा हात बाजूला करायची. मला ते फार लागलं. लहान मुलीसारखं लागलं.

डॉक्टरकाकांनी मला जिन्यात थांबवलं.

"वहिनी वाळत चालल्यात. तुझ्या लक्षात येतंय ना?"

"येतंय."

"चार माणसांचं खातात, आणि जातं कुठे?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "पोरकी चावलेले मेंढपाळ विषाने दगावत नाहीत, असं मी म्हणालो होतो. ते खरंय. पण वहिनींनीच मला एकदा पुढचं सांगितलं होतं. थंडी पडली की ती माणसं घर सोडून वर डोंगरात निघून जायची. उन्हाळ्यात सापडायची. कुठल्यातरी कपारीत, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. नुसती हाडं आणि कातडं."

"आणि?"

"आणि चेहऱ्यावर त्रास म्हणून नाही." त्यांनी चष्मा परत चढवला. "उद्या दुपारी रुग्णवाहिका पाठवतो. तिकडे थंड खोलीत ठेवून अंगातली ही आग आधी विझवू. तेवढं जमलं तर त्या हाताला लागतील. आणखी थांबलो तर मी काही सांगू शकत नाही."

मी हो म्हटलं. सोनारानेच कान टोचलेले बरे, म्हणून आईला सांगायचं कामही त्यांच्यावरच सोपवलं. आईने त्यांचं ऐकून घेतलं, त्यांना चहा पाजून पाठवलं, आणि मग मला हाक मारली.

"थंडी सरेपर्यंत थांब ना. मग तू म्हणशील तिथे येते."

"तोवर तू उरशील का, आई?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे गाल बसले होते, पण डोळे इतके मायाळू कधी नव्हते. "तुला माझी ऊब आवडायला लागलीय ना?"

"हो," मी म्हणाले. "फार आवडायला लागलीय. जन्मभर वाट बघितली मी तिची. म्हणून काय तुला जाऊ देऊ?"

आग विझली म्हणजे आई वाचणार होती, आणि पुन्हा ते गार हात, सुट्टीपुरती भेट. मी ते पत्करलं होतं. रात्रभर स्वतःला समजावून पत्करलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडलं होतं. मी आईची पिशवी भरली, तिचा लोकरी कोट काढून ठेवला. ती भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपली होती.

"आई, ऊठ. कपडे बदलूया."

"हं," ती म्हणाली, पण उठली नाही.

मी पांघरूण उचललं.

आईचे गुडघे पोटाशी होते. दोन्ही हात पुढे कमानीसारखे धरलेले. त्या कमानीत, पोटाच्या खोलगट जागेत, अंडी होती. पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली, साय धरल्यासारखं मऊ कवच. साप नव्हता. पलंगाखाली नव्हता, उशाशी नव्हता, कुठेच नव्हता.

"हळू," आई म्हणाली. "वारा लागेल."

मी पांघरूण तसंच हवेत धरून उभी होते.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती पुटपुटली आणि हसली, आवाज न करता, अंग हलू न देता. "सगळे डोंगर पालथे घातले गं मी. दगडांखाली शोधत बसले."

तिने मान वाकवून अंड्यांकडे पाहिलं. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मला एकदा तरी कुणाच्या चेहऱ्यावर, माझ्याकडे बघताना, दिसायला हवं होतं.

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला.

मला फक्त तिला उचलायचं होतं. ती आता पिशवीएवढीच जड राहिली होती. मी उचललं असतं तर ती नाही म्हणाली नसती. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली असती.

मी पांघरूण खाली सोडलं. कडा नीट खोचल्या.

"ये," आई म्हणाली. "माझ्या पाठीशी पड. मागून गारवा लागतोय."

बेल वाजली. मी चपला काढून पलंगावर चढले.

"कोण आहे गं?"

"कोणी नाही."

बेल आणखी वाजली. दारावर थापा पडल्या. कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारली, मग पावलं जिना उतरून गेली. गाडी मात्र लगेच निघाली नाही.

मी आईच्या पाठीला छाती टेकवली. तिची पाठ गार होती. लहानपणी तिचे हात असत तशी नाही, त्याहून गार. सगळी ऊब पुढच्या बाजूला गेली होती. मी तिला घट्ट धरून माझी ऊब तिच्या पाठीत जाऊ दिली. ती जात होती. मला ती जाताना कळत होती.

"बरं वाटतंय?" मी विचारलं.

तिने माझा हात थोपटला.

भिंतीवरचं ऊन सरकत होतं. तिचा श्वास इतका संथ झाला की मला वाटलं, झोप लागली.

तेवढ्यात तिने मान किंचित उचलली, कान दिला, आणि कधी ऐकला नव्हता अशा हळुवार आवाजात ओ दिली.

"ओ. आहे ना मी. काय गं बाळा?"

मी हाक मारली नव्हती.